वाटीत पळणारी जिवंत गादी

हडपसरच्या त्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. काठ्या, वॉकर, गुडघ्यांना पट्टे. सगळ्यांचे डोळे व्यासपीठावरच्या, गुडघ्यातली झिजलेली गादी (कूर्चा) नव्याने छापून देणार म्हणून आणलेल्या यंत्राकडे. यंत्राची सुई खालीवर झाली. श्यामसुंदर महाराजांनी त्यातून पांढरा तुकडा काढून पाण्याच्या वाटीत सोडला. पडद्यावर सगळ्यांनी पाहिलं : तुकडा गरगरला आणि सरसर पळू लागला.

"जिवंत आहे!" महाराज गरजले. "यंत्र छापतं, प्राण मी फुंकतो! ही गादी सुईने गुडघ्यात गेली, की सांधा विशीतला!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. अक्षता मात्र गर्दीतून वाट काढत रांगेकडे धावली. तिचे वडील सुखदेव, निवृत्त बसचालक, पँट दुमडून रांगेत दुसरेच उभे होते.

"बाबा, चला घरी. खराडीला आमच्या प्रयोगशाळेत हेच काम चालतं. छापलेल्या पेशी कित्येक आठवडे जपाव्या लागतात. आणि गादी जिवंत असली तरी पळत नाही!"

"तुमचं संशोधन होईपर्यंत मी रांगू का?" सुखदेवांनी दुमडलेली पँट आणखी वर घेतली. "जिना उतरवत नाही गं मला."

रांगेत सर्वांत पुढे असलेल्या मुक्ताई व्यासपीठावरच्या खुर्चीत बसल्या. महाराजांच्या सहायकाने 'हीच गादी, पातळ केलेली' म्हणत बिनालेबलच्या बाटलीतून सुई भरली. बोलावं तर जमाव अंगावर येणार. गप्प राहावं तर पुढचा गुडघा बाबांचा.

अक्षता व्यासपीठावर चढली. उदबत्त्यांच्या धुरातूनही वाटीचा ओळखीचा वास नाकात शिरला. तिने तेल लावलेल्या केसांतून बोट फिरवून पाण्याला टेकवलं. तुकडा जागीच थांबला.

"पापी हात लागला! प्राण गेला!" महाराज ओरडले.

"प्राण नाही, कापूर आहे तो!" ती जमावाकडे वळली. "पाण्यावर कापूर असाच पळतो, तेल लागलं की थांबतो. घरी करून बघा." तिने तुकडा समईला लावला. तो भपकन पेटला.

"बाहेर काढा हिला!" कुणीतरी तिचा दंड धरला.

मुक्ताईंनी सुई बाजूला ढकलली. "थांबा. आरतीच करायची होती तर महाराज, मला खुर्चीत कशाला बसवलंत? बाटलीत काय आहे, सांगा आधी."

महाराजांनी सहायकाला डोळ्यांनी खूण केली. सहायक बाटली खिशात घालून निघाला, तेव्हा लंगडत पुढे आलेल्या सुखदेवांनी त्याचं मनगट पकडलं. पोलीस येईपर्यंत सोडलं नाही.

तपासणीत बाटलीत वेदना तेवढ्यापुरती दाबणारं औषध निघालं, तेही जंतूंनी दूषित झालेलं. सांध्यात गेलं असतं, तर पाय वाचवणं अवघड होतं.

"तुमची खरी गादी कधी येईल गं?" सुखदेवांनी विचारलं.

"माहीत नाही, बाबा. प्रयोग चालू आहेत."

हे उत्तर ऐकायला कडू आहे, पण खरं आहे. गुडघा आपला आहे. त्यात सुई जाण्याआधी बाटलीत काय आहे आणि ते कुणी तपासलंय, एवढं विचारायला भिऊ नका.