चार इंच

मी मोजपट्टी बोलतेय. सुताराच्या खिशातली, गुंडाळून बसणारी, पोलादी. मिस्त्री मला नुसतं ‘टेप’ म्हणत. सध्या मी एका स्वयंपाकघराच्या खणात, उरलेले स्क्रू आणि कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या यांच्या संगतीत पडून आहे. इथं कशी आले ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मिस्त्रींच्या हाती नवीकोरी आले तेव्हा माझा तोरा काही विचारू नका. माणसं एकमेकांचं ऐकत नाहीत, पण माझं ऐकतात. “टेप लावून बघा” म्हटलं की वाद जागच्या जागी मिटायचा. मग एकदा माझ्यावर शिडी पडली. चारच्या आकड्याशी मी वाकले ते वाकलेच, आणि टोकाकडचे पहिले चार इंच निकामी झाले. मिस्त्रींनी मला टाकलं नाही. ते चारपासून माप घ्यायचे आणि आलेल्या आकड्यातून मनातल्या मनात चार वजा करायचे. सात वर्षांत त्यांचा हात एकदाही चुकला नाही. माझं व्यंग जगाला कळलंसुद्धा नाही, याचा मला केवढा अभिमान होता!

अशातच, स्वयंपाकघर नव्यानं करायच्या कामासाठी मिस्त्रींबरोबर या घरी आले. स्वयंपाकघर सात फूट बाय नऊ फूट. दोन माणसं आत असली की तिसऱ्यानं दारातूनच बोलायचं. घरात आजी, त्यांचा मुलगा आणि सून. मुलानं कागदाचे तुकडे कापून फ्रिज, शेगडी, सिंक असं सगळं फरशीवर मांडलं होतं. फ्रिज दाराशी नेला तर दार उघडेना, खिडकीशी नेला तर उजेड अडायचा. तासाभरात बिचाऱ्या कागदी फ्रिजनं चार वेळा बिऱ्हाड बदललं.

“आई, तुम्हाला काय हवंय ते सांगा,” सून म्हणाली. “इथं सगळ्यात जास्त तुम्हीच उभ्या असता.”

“मला काय, काहीही चालेल.”

“काहीही नको. एक तरी सांगाच.”

आजी जरा वेळ पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, “ओटा थोडा खाली घेता आला तर बघा. हा माझ्या सासूबाईंच्या मापाचा आहे. त्या चांगल्या उंच होत्या. मी चाळीस वर्षं फळीवर उभी राहतेय.”

“ती फळी त्यासाठी आहे?” मुलगा म्हणाला. “मला वाटायचं, पायाला गार लागू नये म्हणून असेल.”

पण ओटा खाली घेतला तर त्याच्याखाली वॉशिंग मशीन बसणार नव्हतं. मुलाची तर सगळी मांडणी त्या मशीनभोवती. सुनेनं ऐकलं नाही. “मशीन जाईल मोरीत. आईंनी जन्मात पहिल्यांदा काही मागितलंय.”

मला ती पोरगी तिथंच आवडली.

आजींना जुन्या ओट्यापासून बाजूला, फरशीवर उभं केलं. कणीक मळताना धरतात तसे हात पुढे. मिस्त्री भिडस्त माणूस. आजींच्या इतक्या जवळ जाऊन माप घ्यायला संकोचले. मला सुनेच्या हातात देऊन दाराबाहेर थांबले.

“ताई, तुम्हीच घ्या. चारपासून धरा हं, पुढचं मोडलंय.”

सुनेनं अगदी सांगितल्याप्रमाणे केलं. माझं मोडकं टोक फरशीवर आडवं करून चारचा आकडा जमिनीला टेकवला आणि मला आजींच्या तळव्यापर्यंत ताणलं.

“किती?”

“चौतीस.”

आजींचं खरं माप तीस होतं. सुनेनं दिसलं ते वाचलं. मिस्त्रींना वाटलं, चार वजा करूनच सांगितलं असणार. “चौतीस म्हणजे नेहमीचंच की!” ते म्हणाले. आकडा इतका ओळखीचा निघाला की कुणाला शंकाच आली नाही. “बघ, मशीनही बसतंय,” मुलगा खूश झाला. जुना ओटा पाडायचाच होता, त्याची उंची कोण कशाला घेतंय? मला ओरडावंसं वाटत होतं. पण आमच्या जातीला आकडा तेवढा दाखवता येतो, तोंड उघडता येत नाही.

महिन्याभरात ओटा झाला. गुळगुळीत, काळाभोर. सगळ्यांसमोर आजी त्याच्यापुढे उभ्या राहिल्या. हात वर ठेवला आणि त्यांचे खांदे आपोआप वर गेले. चाळीस वर्षं जात होते तसेच. त्यांना त्या क्षणी कळलं.

“आई, कसा वाटतो?” सुनेचे डोळे भरून आले होते.

आजींनी तिच्याकडे बघितलं. “छान झालाय गं. अगदी माझ्या मापाचा.”

पंधरा दिवसांनी मिस्त्री एक अडकणारा खण बघायला आले. घरात आजी एकट्याच होत्या, फळीवर उभ्या. राडारोड्याच्या ढिगातून त्यांनी ती हळूच परत आणली होती. मिस्त्रींनी मला काढलं, ओट्याला लावलं, आणि ताईंनी त्या दिवशी चार वजा केलेच नव्हते हे त्यांच्या लक्षात आलं.

“आजी, चूक झाली. मी ताईंना सांगतो, पाडून नवा करून देतो.”

“काही सांगायचं नाही. माझ्यासाठी भांडली आहे ती. तिनं मनाला लावून घेतलं तर तो ओटा मला आणखी उंच होईल.”

मिस्त्रींनी मग एक रुंद, न डगमगणारी बैठी चौकी केली. बरोबर चार इंचांची. कपाटाखालच्या फटीत सरकवली की दिसत नाही. ते माझं शेवटचं माप. काम संपल्यावर त्यांनी मला खिशात न घालता या खणात ठेवलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

तुम्ही कधी घर नव्यानं मांडायला काढलंत, तर माझी एक विनंती आहे. आकडा मिळाला म्हणून निर्धास्त होऊ नका. ज्याच्यासाठी सगळं करताय, त्याला कच्च्या मांडणीपुढे एकदा उभं करा आणि त्याच्या खांद्यांकडे बघा. माझ्याकडे नका बघू.

कालच पाहुणे आले होते. सून कौतुकानं सांगत होती, “हा ओटा आम्ही आईंच्या मापानं करून घेतलाय.” मला खणात ऐकू आलं. आणि त्यापाठोपाठ, पायानं चौकी हळूच आत सरकवल्याचा आवाज.