इंचभर शालन

माझ्या बायकोच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी मेहुण्याने मोबाइलवरून तिला, शालनला, परत पाठवलं, तेव्हा ती इंचभर होती. बशीच्या काठावर बसून तिने पदर सारखा केला. ओठाजवळचा तीळ जागच्या जागी होता.

"अहो, एवढ्याशा बाईनं चहा कसा करायचा? मोठी करून आणा मला."

मलाही तेच हवं होतं. तिच्या शेजारी बसायला मी वर्षभर आसुसलो होतो. तिला शर्टाच्या खिशात ठेवून मी नसीमाच्या प्रिंटिंगच्या दुकानात गेलो. नसीमाने तिला टेबलावर उभं केलं आणि भिंग लावून पाहिलं.

"काका, काकूंच्यात उंचीला तीनशेच ठिपके आहेत. इंचाला छान दिसतात. पाच फूट केलं तर ठिपके मोठे होऊन फाटणार. ओरिजिनल कुठंय?"

"गुड मॉर्निंगच्या फुलांनी मोबाइल भरला होता. जागा करायला मीच पुसली. मेहुण्याला व्हॉट्सअॅपवर पाठवलेली तेवढी उरली."

टेबलावरच्या शालनने तोंड फिरवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तेव्हाच डॉक्युमेंट करून पाठवायची, म्हणजे व्हॉट्सअॅपनं ठिपके कमी केले नसते," नसीमा हळहळली. "आता जादा ठिपके कुठून आणू? मशीन शेजारचा रंग बघून भर घालतंय. ती भर म्हणजे काकू नव्हेत."

"कर पोरी. पाच फूटच कर."

"मग लांबून बघा."

घरी येताच पाच फुटी शालनने चहाचं आधण ठेवलं. मी जवळ गेलो. चेहऱ्याच्या जागी तुरीच्या दाण्याएवढे गव्हाळ चौकोन होते. डोळे कुठले ते कळेना.

"ओळखलं ना?" तिने विचारलं. आवाज तिचाच होता.

मी दोन पावलं मागे सरलो. चौकोन जरा एकमेकांत मिसळले. मी आणखी सरलो, तसं स्वयंपाकघर माझ्याबरोबर लांबलं. फडताळ संपलं की पुढे पुन्हा तेच फडताळ येत होतं. अकराव्या फडताळापाशी पाठ टेकली आणि तिकडे टोकाला, गॅसजवळ, माझी शालन उभी होती. डोळे, हसू, तीळ, सगळं होतं. मला रडू आवरेना.

तिने दोन कप भरले.

"अहो, या ना. चहा निवतोय."

मी एक पाऊल पुढे टाकलं. तीळ चौकोनी झाला.