मागून नेलेलं पदक

ताओइतीने उभ्या जन्मात कुणापुढे हात पसरला नव्हता. प्रशांत महासागरातल्या तारावा बेटावर असं माणूस औषधालासुद्धा सापडायचं नाही. इथे नात्यातल्या कुणी 'बुबुती' म्हणून एखादी वस्तू मागितली की ती मुकाट्याने द्यायची, मग ती पायातली चप्पल असो नाहीतर ताटातला मासा. नाही म्हणणाऱ्याला गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही. ताओइती देत आली होती. सायकल दिली, शिवणयंत्र दिलं, एकदा तर दोरीवर वाळत घातलेलं पोलकं जावेने मागितलं, ते ओलंच पिळून दिलं. मागितलं मात्र कधी नाही. "मला काय कमी आहे?" असं म्हणायची. खरं सांगायचं तर तिला मागायची लाज वाटायची, आणि त्या लाजेचाच तिला तोरा होता.

अशा बाईच्या घरी एका मंगळवारी सकाळी क्रीडा कचेरीतली मेरेवी आली. तिशीची, बडबडी, काखेत फुगलेली फाईल. ताओइती ओट्यावर बसून नारळ खवत होती.

"मावशी, तुम्ही टेबल टेनिस खेळायचात ना?"

"कोणी सांगितलं तुला?"

"बसमध्ये एक म्हातारबुवा सांगत होते."

"म्हाताऱ्यांना दुसरा उद्योग काय असतो?" ताओइती म्हणाली, पण खवणं थांबवलं.

मेरेवीने फाईल उघडली. नव्या क्रीडागृहात एक मोठा लाकडी फलक लागणार होता. आपला देश पहिल्यांदा परदेशच्या खेळांना गेला तेव्हापासून आजपर्यंत जे जे गेले, त्या सगळ्यांची नावं त्यावर रंगवायची होती. शुक्रवारी दुपारी उद्‌घाटन. ताओइतीने दोऱ्याने बांधलेला चष्मा नाकावर चढवला आणि यादी वाचायला घेतली. अमका, धावणे, शेवटून दुसरा. तमका, मुष्टियुद्ध, पहिल्या फेरीत बाद. नौकेची शर्यत, पूर्ण केली. पानंच्या पानं अशीच. मधूनच एखादं पदक, भातात खडा लागावा तसं.

"बुएना, वजन उचलणे, तिन्ही वेळा उचललं गेलं नाही," ताओइतीने मोठ्याने वाचलं. "हेही रंगवायचं?"

"सगळं रंगवायचं. गेलेल्यातलं एकही नाव गाळायचं नाही, असं ठरलंय."

ताओइतीला ते बरं वाटलं. पाच दिवस बोटीत ओकत जायचं, हजारो लोकांसमोर एवढ्याशा झेंड्यामागून चार माणसांनी चालायचं, पहिल्याच दिवशी हरायचं आणि पुन्हा ओकत परत यायचं, हे काही सोपं काम नाही. तिने मागे जाऊन जुन्या वर्षांची पानं उघडली. तिथे तिचं वर्ष होतं. टेबल टेनिस, महिला, तिसरा क्रमांक. नावाच्या जागी लिहिलं होतं: माहीत नाही.

ती बराच वेळ त्या दोन शब्दांकडे बघत राहिली. हरलेल्यांची नावं होती आणि तिचं नव्हतं.

"ती मी," ती शेवटी म्हणाली. चाळीस वर्षांत हे तिने कुणालाच बोलून दाखवलं नव्हतं. तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

मेरेवीला कोण आनंद झाला. पण लगेच तिचा चेहरा उतरला. त्या वर्षाचे कागद ज्या कपाटात होते त्यात उधाणाचं पाणी शिरून त्यांचा लगदा झाला होता. बाहेरून मागवलेल्या यादीत फक्त देशाचं नाव होतं, माणसाचं नव्हतं. आणि सचिवांनी बजावलं होतं की पुरावा पाहिजे. गेल्याच महिन्यात एकाने दुकानातून आणलेल्या पदकाचा फोटो दाखवून आपल्या काकाचं नाव घुसवायचा प्रयत्न केला होता. तेव्हापासून सचिव फोटोचं नाव काढू देत नसत. खरी वस्तू टेबलावर ठेवा, म्हणत.

"पदक असेल ना मावशी?"

"होतं. परत आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी बारानिकोने मागितलं."

मग दिलंत कशाला, असं मेरेवीने विचारलं नाही. तीही याच मातीतली. तिने एवढंच विचारलं, "बारानिको जिवंत आहेत ना?"

बारानिको म्हणजे ताओइतीचा चुलतभाऊ. जिवंत होता आणि जाळं दुरुस्त करायचं सोडून त्याच जाळ्यावर आडवा झाला होता. तिला बघून उठून बसला.

"ताई, तू आणि माझ्या दारात? सूर्य आज पश्चिमेला उगवला की काय?"

"पदक कुठे आहे माझं?"

"तुझं? तू दिलंस ते माझं झालं," बारानिको हसला. "थोरलीच्या पहिल्या वाढदिवसाला घातलं होतं तिच्या गळ्यात. पोरगी ते चोखत बसली होती जेवण होईपर्यंत. मग मेव्हण्याने मागितलं, तो अबाइआंग बेटावर घेऊन गेला. तो वारल्यावर त्याच्या बायकोकडून तिच्या धाकट्या बहिणीने मागितलं. काओतिआता नाव तिचं. बेतिओत राहते, जुन्या धक्क्याजवळ. बारा वर्षं झाली असतील."

मेरेवी भराभर लिहून घेत होती. कचेरीतले कागद भिजून गेले, पण कोणी कोणाकडून काय मागून नेलं हे चाळीस वर्षांत एकाच्याही डोक्यातून पुसलं गेलं नव्हतं.

"पण ताई, तुला मागता येईल का?" बारानिकोने डोळे बारीक केले. "आधी सराव कर. हा रेडिओ माग माझ्याकडे. बघ, जमतंय का."

"तुझा रेडिओ तुलाच लखलाभ," ताओइती म्हणाली आणि तरातरा बसकडे निघाली.

बसमध्ये मात्र तिचा तोरा उतरला. बंधाऱ्यावरून बस धावत होती, दोन्ही बाजूंना पाणी, आणि ही बाई मनातल्या मनात एकच शब्द घोळवत होती. दोन-चार दिवसांपुरतं न्यावं म्हणावं, तर तशी रीत नाही. उसनं हे परक्याकडून घेतात. नात्यात मागायचं, आणि मागितलं की ते मागणाऱ्याचं. शिवाय पोटात आणखी एक गोष्ट होती, ती तिने मेरेवीला सांगितली नव्हती. ते पदक मिळालं कसं, याची. ती गोष्ट आठवली की तिला अजून चोरी केल्यासारखं वाटायचं.

काओतिआता साठीची, हाडापेराने मोठी बाई होती. अंगणात पांढऱ्या शिंपल्यांनी आखलेली एक कबर होती. नुकतीच झाडलेली. तिने दोघींना चटईवर बसवलं, माडीच्या काकवीचा चहा दिला, आधी अबाइआंगच्या बहिणीचं नाव काढून नातं जुळवलं आणि ताओइतीला ताई म्हणू लागली. ताओइतीचं लक्ष होतं खांबाकडे. खांबावर एका दणकट मुलीचा फोटो होता, खांद्यावर वजनाची सळई घेतलेली. फोटोवरच्या खिळ्याला पदक लटकत होतं. फीत कुजून गेली असावी, मासेमारीच्या दोऱ्यात ओवलं होतं.

"माझी मुलगी," काओतिआता म्हणाली. "बुएना."

मेरेवीने चटकन ताओइतीकडे पाहिलं. नाव दोघींनाही आठवलं.

"तिच्यासाठीच मागून आणलं होतं मी ते. समोर टांगायची आणि वजनं उचलायची. रोज विचारायची, आई, कोणाचं गं हे? मी म्हणायचे, असेल आपल्याच कोणाचं तरी. खेळांना गेली तेव्हा म्हटलं, सोबत ने. तर म्हणाली, राहू दे इथेच, मी दुसरं आणते." काओतिआताने चहाचा घोट घेतला. "रिकाम्या हाताने आली. पुढच्याच वर्षी ताप आला तो डासांचा. आठ दिवसांत गेली."

 ताओइतीला वाटलं, उठावं आणि चालू लागावं. राहू दे ते 'माहीत नाही'. पण ते दोन शब्द शुक्रवारी रंगवले जाणार, मग ते कायमचेच. आपण गेल्यावर नातवंडं फलकासमोर उभी राहतील आणि त्यांनाही माहीत नसेल. हे तिला सोसवेना. तिला स्वतःचा राग आला, आणि त्या रागातच तिच्या तोंडून शब्द निघाला.

"काओतिआता, बुबुती. ते पदक."

काओतिआताने कप खाली ठेवला. कमरेला गुंडाळलेल्या लाव्हालाव्हाला हात पुसले, उठली, खिळ्यावरून पदक काढलं आणि ताओइतीच्या ओंजळीत ठेवलं. क्षणाचाही विचार केला नाही. तिने जरा तरी कुरकुर केली असती तर ताओइतीला बरं वाटलं असतं. खांबावर नुसता खिळा राहिला.

"आता माझी बुबुती," काओतिआता खाली बसत म्हणाली.

ताओइतीने ओंजळ मिटली. ही परत मागणार आणि आपल्याला द्यावं लागणार. "माग," ती म्हणाली.

"हे तुला कसं मिळालं ते सांग. पोरगी विचारत राहिली, मला सांगता आलं नाही. मला तिला सांगायचंय."

घराचं छप्पर मागितलं असतं तर ताओइतीने हसत दिलं असतं. इथे आपला पराक्रम आपल्या तोंडाने सांगणाऱ्याची लोक अशी टर उडवतात की तो पुन्हा सभाघरात पुढे बसत नाही. आणि हिचा तर पराक्रमही नव्हता. पण मागितलेलं नाकारायचं कसं? तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"मिशनच्या शाळेत आमचं टेबल होतं," ती म्हणाली. "जहाजातल्या खोक्यांच्या फळ्यांचं. वर छप्पर, बाजूंना काही नाही. खाडीवरचा वारा सारखा आरपार. चेंडू कधी सरळ यायचाच नाही. मारायचा तो वीतभर बाजूला मारायचा, मग वारा त्याला टेबलावर आणून सोडायचा. आम्हाला वाटायचं, खेळ असाच असतो. तिकडे गेले तर बंद हॉल. वारा नाही. चेंडू मी जिथे मारीन तिथेच जायचा, म्हणजे टेबलाबाहेर. लोक हसायचे. दोन सामने हरले. मग एक मुलगी आजारी पडली म्हणून मला तिसऱ्या जागेसाठी उभं केलं. पहिला डाव एकवीस-सहा हरले."

"मग?"

"मग वीज गेली. हॉलची भट्टी झाली. त्यांनी दोन्हीकडचे दरवाजे सताड उघडले, आणि समुद्रावरचा वारा आत आला." ताओइती थांबली. "मला घरी आल्यासारखं वाटलं बघ. ती समोरची पोरगी बिचारी रडकुंडीला आली, तिचा चेंडू कुठल्या कुठे जायचा. मी पुढचे दोन्ही डाव जिंकले. पण मी कसली जिंकते, तो वारा जिंकला. बारानिकोने पदक मागितलं तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. आणि दुसऱ्या दिवसापासून आजपर्यंत पस्तावतेय. कारण कसं का असेना, ते माझं होतं गं."

काओतिआता ऐकत होती. "वारा तिच्या बाजूलाही होताच ना?"

"हो. दर डावाला बाजू बदलायचो आम्ही."

"मग झालं तर," काओतिआता म्हणाली, बाजारात भाव पटावा तसं. मग कबरीकडे बघत म्हणाली, "बुएना सांगायची, तिथे हॉलमध्ये यंत्राचा गारठा होता. हात आखडून गेले तिचे. तिन्ही वेळा सळई सुटली. तिला कुणी दार उघडून दिलं नाही."

ताओइतीला रडू फुटलं आणि तिने ते लपवलं नाही. काओतिआताने तिच्या कपात आणखी चहा ओतला.

मेरेवी अवघडून बसली होती. "मावशी, बुएनाचं नाव फलकावर आहे," ती म्हणाली.

"हरली होती ती."

"सगळ्यांचं आहे."

"काय लिहिलंय?"

मेरेवीने अडखळत वाचून दाखवलं. काओतिआताने मान हलवली. "खरं आहे ते. तसंच रंगवा. मी येईन बघायला."

निघताना पदक ताओइतीच्या मुठीत होतं आणि ती दारातच घुटमळली. मागून घेतलेली वस्तू तिथल्या तिथे परत करणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर फेकणं. ते करता येत नव्हतं. पण आपल्या लोकांची रीत तिला पाठ होती.

"शनिवारी माझ्या घरी ये," ती म्हणाली.

"कशाला?"

"मागायला."

शुक्रवारी फलक लागला. सचिवांनी पदक हातात घेऊन उलटंपालटं केलं, मेरेवीची वही वाचली, आणि ताओइतीचं नाव रंगवून झाल्यावर त्याच्याकडे समाधानाने बघितलं. मग म्हणाले, "हे आता इथेच काचेच्या कपाटात राहू द्या. देशाचं आहे ते." ताओइतीने मान हलवली नाही, तसे ते जवळ सरकले. "माझी आजी नोनौती बेटाची. तुमच्या आईकडच्यांशी आमचं काहीतरी लागतं. तेव्हा बुबुती म्हणून..."

"उशीर केलास बाबा," ताओइती म्हणाली. "त्याला मागणी आलीय आधीच."

गर्दीत काओतिआता शेवटून तिसऱ्या, बुएनाच्या ओळीसमोर उभी होती. एका बोटाने एकेक अक्षर चाचपत होती. रंग ओला होता, बोटाला लागला. तो तिने पुसला नाही.

शनिवारी ती सकाळीच आली. ओट्यावर बसली. उधाणाबद्दल बोलली, माशांबद्दल बोलली, दोन कप चहा प्याली. पदक दोघींच्या मध्ये चटईवर पडलं होतं, त्याच्याकडे बघेना.

"मागता येत नाही वाटतं तुला?" ताओइतीने विचारलं.

"तुला तरी कुठे येत होतं?"

दोघी हसल्या. मग काओतिआता सावरून बसली. "बुबुती, ताओइती," ती म्हणाली.

ताओइतीने पदक उचलून तिच्या हातात ठेवलं. काओतिआताने ते लाव्हालाव्हाच्या टोकाला बांधलं आणि उठली.

"आता कोणी विचारलं तर नाव सांगता येईल मला," ती म्हणाली, आणि बस पकडायला निघाली.