चावा

"चावा, भावजी. जोर नको. घरी जेवताना चावता तसं."

धाकट्या दिराने डोळे मिटून मेणाची मऊ पट्टी चावली. वहिनीने त्याच्या हनुवटीखाली दोन बोटं धरली आणि जबडा जरासा मागे सरकवला. उभं आयुष्य तिने लोकांच्या कवळ्या घडवल्या होत्या. आळीत तिला कवळीवाली म्हणूनच ओळखत. माणूस कोणत्या बाजूने खातो, झोपेत कोणावर दात खातो, हे सगळं तिला मेण सांगे. तोंडाने माणसाने काहीही सांगावं.

मेणामुळे दिराला बोलता येत नव्हतं. घराण्याच्या इतिहासात असे क्षण फार थोडे. तिने पट्टी सावकाश, सवडीने काढली.

"रविवारी आई सही करतेय," तो तोंड पुसत म्हणाला. "घर माझ्या नावावर झालं म्हणून तुम्हाला कोणी ऊठ म्हणणार नाही हां, वहिनी."

"छे, कसं म्हणाल."

"फक्त आतल्या खोलीत माझं ऑफिस येईल. तुम्हाला बाल्कनी आहेच."

"हवेशीर आहे."

ते बसले होते ती कवळ्यांची कार्यशाळा एके काळी तिचीच होती. आता ती तिथे पगारावर होती. नव्या मालकांनी तिचं स्टूल तेवढं बदललं नव्हतं, आणि तिच्यावर लक्ष ठेवायला वर एक कॅमेरा बसवला होता.

झालं होतं ते असं. तिच्या नवऱ्याला त्या डिजिटल नाण्यांचा नाद होता. लोक हसत तेव्हा त्याने ती स्वस्तात घेतली आणि लोक धावत सुटले तरी विकली नाहीत. त्या नाण्यांना ना बँक, ना साहेब, ना खिडकी. ती ज्या थैलीत राहतात तिची किल्ली म्हणजे बारा शब्द. ज्याच्याकडे शब्द, त्याची थैली. आजार वाढला तेव्हा त्याने ते शब्द सख्ख्या भावाला सांगितले, कारण सख्खा भाऊ. तेराव्या दिवशी भाऊ रडत आला. चोरांनी सगळं नेलं होतं. दादाचं तर गेलंच, त्याचं स्वतःचंही गेलं होतं. दवाखान्याची देणी फेडायला वहिनीने कार्यशाळा विकली. दिराकडे विकायला काहीच नव्हतं, म्हणून सासूबाईंना त्याची जास्त दया आली. 'बिचारा' हा शब्द त्या त्याच्या पानात मिठासारखा वाढायच्या.

वहिनी वाचनालयातल्या फुकटच्या संगणकवर्गात जाऊन बसली. तिथे तिला एक गोष्ट कळली आणि ती तिने जिभेखाली धरून ठेवली. या नाण्यांचा सगळा व्यवहार जगाला दिसतो. चावडीवरच्या पाटीसारखा. कुठल्या पत्त्यावरून कुठल्या पत्त्यावर काय गेलं, कोणीही बघावं. दिसत नाही ते फक्त नाव. नवऱ्याची नाणी एका पत्त्यावर गेली होती आणि तिथेच सुखाने बसली होती. तो पत्ता ती रोज चहाबरोबर बघे. ठसा हातात होता. दात कोणाचे, एवढंच ठरायचं होतं.

"वहिनी," दीर उठता उठता म्हणाला, "दादाचं अजून काही राहिलंय का हो? चिठ्ठीबिठ्ठी?"

हा प्रश्न तो दर भेटीत विचारायचा. या खेपेला तिने खणातून चष्म्याची डबी काढली.

"यात एक कागद सापडला. बारा शब्द आहेत, आगापिछा नाही त्यांना. औषधांची नावं असतील."

दिराने कागद पाहिला. त्याचा चेहरा अगदी गंभीर झाला. खाटीक बकऱ्याची तब्येत विचारताना होतो तसा.

"हे असं उघड्यावर ठेवतात का, वहिनी? असे शब्द कोणाला दाखवायचे नसतात. फोटो काढायचा नाही, मोबाईलमध्ये लिहायचे नाहीत. जगात माणसं फार वाईट असतात."

"मला मेलीला काय कळतं."

"मी जाळून टाकतो," तो म्हणाला आणि कागद घडी करून आतल्या खिशात ठेवला. कॅमेऱ्याच्या बरोब्बर खाली.

थैली तिची होती, मागच्याच आठवड्यात उघडलेली. पगारातून साठवून घेतलेली तसलीच थोडी नाणी तिने तिच्यात टाकली होती. ती हलवायला जे शुल्क पडतं, ते मात्र दुसऱ्या जातीच्या नाण्यात भरावं लागतं, आणि ते तिने मुद्दाम ठेवलं नव्हतं. म्हणजे माल दिसत होता, उचलायचा तर भाडं स्वतःच्या खिशातून आणायचं. शहाणा चोर त्यासाठी नवा खिसा शिवतो. पण घाईत माणूस नेहमीच्याच बाजूने चावतो, हे तिला मेणाने शिकवलं होतं.

संध्याकाळी भाकरी थापायच्या आधी तिने मोबाईल पाहिला. भाडं आलं होतं. माल गेला होता. भाडं ज्या पत्त्यावरून आलं, माल त्याच पत्त्यावर गेला होता. तो पत्ता तिला पाठ होता. तिने मोबाईल उपडा ठेवला आणि पीठ असं मळलं की परातीने जागा सोडली.

कवळी मात्र तिने मन लावून केली. इतकी सुरेख कवळी तिने आजवर केली नव्हती.

रविवारी दीर नव्या दातांनी हसत आला. टेबलावर कागद, पेन आणि मटारची टोपली होती. सासूबाई शेंगा सोलत होत्या.

"तो कागद जाळलात ना, भावजी?"

"कुठला? हां, तो. तेव्हाच."

"मग राख हुशार निघाली. घरी जाऊन तिने भाडं भरलं आणि माल उचलला."

तिने मोबाईल सालांमधून पुढे सरकवला. दोन ओळी होत्या. एकीत नवऱ्याची नाणी कुठे गेली तो पत्ता, दुसरीत भाडं कुठून आलं तो. दिराने दोन्ही वाचल्या. नवे दात हसतच राहिले, मागचा माणूस आत गेला.

"पत्त्यावर नाव नसतं, वहिनी."

"नसतं. पण कॅमेऱ्यात खिसा दिसतो. ते चित्रण मालकांकडून मागून घेतलंय. उद्या वकिलांकडे नेते, नाहीतर आत्ता तुम्ही मला शिकवा, नाणी परत कशी पाठवतात ते."

"काय चाललंय रे?" सासूबाईंनी मान वर न करता विचारलं.

"काही नाही, आई. वहिनींना मोबाईल शिकवतोय."

"शिकव, बाबा."

त्याने खुर्ची ओढली. बोटं ओली होती. त्याचाच मोबाईल दोनदा त्याला ओळखेना.

"आधी थोडी पाठवा," वहिनी हळू आवाजात म्हणाली. "पोचली की उरलेली. पत्ता शेवटपर्यंत जुळवा, घाई नको. एकदा गेलेलं परत येत नाही. तुम्हीच सांगायचात ना, अश्रू पुसत."

थोडी पोचली. मग उरलेली पोचली. मग तिच्या पगाराची.

"यात माझीही आहेत थोडी," तो पुटपुटला.

"तुमची तर दादांबरोबरच चोरीला गेली होती."

मग तीही पोचली. तळाशी भाड्यापुरती चिल्लर उरली होती. वहिनीने तिच्यावर नुसतं बोट ठेवलं.

सासूबाईंनी शेवटची शेंग सोलली, हात पदराला पुसले आणि पेन उचललं. दिराने सवयीने कागद पुढे केले. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"सगळं गेलं तिच्याकडे?"

दीर आईकडे बघत राहिला.

"हो," तो म्हणाला.

"आणि दात?"

"काय?"

"तिनेच केलेत ना ते? फुकट?"

'राहू द्या, आई' असं वहिनीला म्हणता आलं असतं. ती उठली, आत गेली, एक बशी स्वच्छ धुऊन आणली आणि त्याच्यापुढे ठेवली.