लेपाभोवतीचं वलय

"हलू नको गं ठके, पाला कामाला लागलाय आत!"

लहानपणी गुडघा फुटला की आत्याचा हा आवाज ठकीच्या कानाशी यायचा. लेप थापता थापता आत्या गुणगुणायची,

वाटते गं पाला, पाला सावलीत सुकला
माझ्या लेकीच्या दुखण्याचा, रस्ता घराचा चुकला

आणि दुखणं खरोखरच वाट चुकायचं. म्हणून तर संशोधनाला विषय निवडताना ठकीनं दुसरीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आत्याच्या परसातलं झुडूप आणि जखमेत पू करणारे जंतू, बस्स.

आधी तिनं आत्याच्या डबीतलीच हिरवट पूड आणली. काचेच्या बशीत जेलीसारखा थर, त्यावर जंतू सारवलेले, मधोमध इवलासा खड्डा, खड्ड्यात पुडीचं पाणी. बशी रात्रभर उबेच्या पेटीत ठेवली. सकाळी पाहते तर सगळीकडे जंतूंची दाट साय, आणि खड्ड्याभोवती मात्र लख्ख वलय! तिथं एकही जंतू वाढला नव्हता. ठकी भर प्रयोगशाळेत गिरकी घेऊन नाचली.

मग रीतीप्रमाणे त्याच झुडपाचा पाला स्वतः खुडला, सावलीत सुकवला, कुटला, बशीत घातला. वलय नाही. कोवळा पाला घेतला, जून घेतला. पाण्याऐवजी अल्कोहोलमध्ये भिजवला. मुळंसुद्धा उकळून झाली. जंतू आपले मजेत वाढत राहिले, जसं काही त्यांना कुणी खाऊच घातला होता.

शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "अगं, आत्याबाईंनाच बसव त्या पेटीत. गुण त्यांच्या हाताला दिसतोय!"

ठकी हसली, पण डोकं पार चक्रावलं होतं. झुडूप तेच, जंतू तेच, बशाही त्याच. डबीतली पूड वलय पाडते आणि पाला नाही, हे कसलं गौडबंगाल? तिला आपल्याच हातांचा भरवसा वाटेनासा झाला. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या ती पुन्हा पुन्हा वाचू लागली. आपलं नाव तरी बरोबर लिहिलंय ना, इथवर मजल गेली.

शेवटी ती आत्याकडे गेली. "माझ्यासमोर कर बघू पूड." आत्यानं केली. पाला निवडला, कुटला, फडक्यातून चाळला. ठकीनं पापणी लवू दिली नाही. ती पूड बशीत गेली, आणि वलय नाहीच.

"तू टक लावून बसलीस ना, रुसला असेल पाला," आत्या फोनवर म्हणाली आणि दूध उतू जातंय सांगून तिनं फोन ठेवला.

तिच्या मार्गदर्शक सरांना मात्र घाई होती. "पहिला निकाल खणखणीत आहे. झुडपाच्या नावानं तोच लिहा आणि पाठवून द्या. बाकीचं मागाहून बघू." ठकीची पदवी त्या लेखावरच अडली होती. नाही म्हणायला कारण हवं, आणि कारणाचाच तर पत्ता नव्हता. हो म्हणावं, तर हात उठेना. ती तशीच पुन्हा आत्याच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली.

"तोंड का पाडलंस?" आत्यानं विचारलं.

"काही कळत नाहीये गं. सर म्हणतात, छापून टाकू. तुझ्या झुडपानं पू बरा होतो म्हणून."

"मग चांगलंय की! तुझं काम झालं, माझंही नाव झालं."

"हो. लोक वाचतील, ज्याच्या परसात झुडूप असेल तो बांधेल."

आत्याची विळी थांबली. "काय बांधेल?"

"पाला."

"नुसताच?"

"नुसताच. आणखी काय असतं त्यात?"

आत्यानं भाजी बाजूला सारली. पदराला हात पुसले, पुसतच राहिली. मग खाली बघून म्हणाली, "छापू नको, ठके. पुवावरची कॅप्सूल मिळते ना मेडिकलमध्ये, ती फोडून मिसळते मी त्यात. तुझ्यासमोर नाही मिसळली. आधी कधीच मिसळत नव्हते. पण आमचे हे, तुझे काका, पू झालेल्या ज्या पायापायी गेले, त्या पायाला मी नुसता पालाच बांधला होता."