हार घातलेला गोटीराम

मी बोनकोड्यातल्या एका बिल्डिंगच्या वॉचमन-केबिनमधून बोलतोय. मी एक रंगीत फोटो आहे. रंग आता म्हणण्यापुरतेच उरलेत.

माझा जन्म सातासमुद्रापार, एका बंदरावरच्या टिकी हॉटेलात झाला. टिकी म्हणजे तिकडच्या बेटांवरचे, डोळे वटारलेले लाकडी देव. भर शहरात, थंडगार हॉलमध्ये गवताचं छप्पर, बांबूच्या भिंती, आढ्याला मासेमारीची जाळी, आणि सुटाबुटातली माणसं नारळातून दारू पीत बसलेली! जहाजावरचा खलाशी गोटीराम ते बघून पोट धरून हसला. असल्याच झोपडीतून तर तो पोटासाठी बाहेर पडला होता. तिथल्या रिवाजाप्रमाणे एका बाईने त्याच्या गळ्यात फुलांचा हार घातला, देवाशेजारी उभं केलं आणि फोटो काढला. तोच मी.

त्याने मला टपालाने घरी पाठवलं. आपल्याकडे फोटोतल्या माणसाच्या गळ्यात हार पडतो तो मेल्यावर, हे त्या बाईला काय ठाऊक! गोटीरामच्या आईने, पुतळाने, पाकीट उघडलं आणि हंबरडा फोडला. शेजारणी सुनेच्या, गोजराच्या, बांगड्या फोडायला धावल्या. गोजराने दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"मेलेला मानूस असा दात काढून हसतो का? तो जिता हाय!"

त्या दिवशी तरी तिचं खरं असावं. पण त्यानंतर ना पत्र आलं, ना गोटीराम.

यंदा जुनं घर पाडून तिथे बिल्डिंग उठली. गोजरा वर राहायला जायला तयार होईना.

"तो आला तर घर कसा वलखील?"

शेवटी नातवाने, मिथुनने, मला केबिनच्या काचेला आतून चिकटवलं. "आजी, टेन्शन नको घेऊ. असा मानूस आला की वॉचमन डायरेक्ट वर पाठवेल." तेव्हा कुठे ती लिफ्टमध्ये शिरली.

तिच्या लेखी गोटीराम अजून पंचविशीतलाच आहे. इतकी वर्षं ती मला रोज पेटीतून काढून बघायची. ती म्हातारी होत गेली, मी तसाच राहिलो.

गेल्या आठवड्यात काठी टेकत एक म्हातारा फाटकाशी आला. काचेतून माझ्याकडे एकटक बघत राहिला. वॉचमन कोंडिबाने एकदा मला पाहिलं, एकदा त्याला.

"न्हाई जुळत, बाबा. म्होरं व्हा."

म्हातारा निघून गेला. तो कोण होता, मला सांगता येत नाही. मी गोटीरामला आयुष्यात एका क्षणापुरतंच पाहिलंय. पण तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही.

माझं एकच मागणं आहे. पुन्हा कुणी म्हातारा आला, तर त्याला माझ्याशी ताडून बघू नका. वर जाऊ द्या. तो आहे की नाही, ते गोजराला बघू द्या.