कासवाचा फोन

टीव्हीवर कुणाची फजिती व्हायला लागली की आमच्या चौघांच्या चार तऱ्हा.

आम्ही शनिवारी दुपारी डॉक्टरच्या घरी जमायचो. डॉक्टर म्हणजे आमची मैत्रीण, जनावरांची डॉक्टर. खाली तिचा दवाखाना, वर ती आणि तिची आई. आम्ही चौघं एका शाळेतले. चाळिशी ओलांडली, केस पांढरे झाले, तरी एकमेकांचा पिच्छा सोडलेला नाही. तिच्याकडेच जमायचं कारण असं की तिचा टीव्ही भिंतभर होता आणि तिच्या आईला, म्हणजे आमच्या मावशींना, घरात माणसं लागायची. कुणी नसलं तर त्या दवाखान्यातल्या आजारी कुत्र्यांशी गप्पा मारायला खाली जायच्या.

तर तऱ्हा. मामा मांडीवर थापा मारत हसायचा. तो खरं तर कुणाचाच मामा नाही. शाळेची बस चालवतो, बसमधली पोरं मामा म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणतो. "मागे घे, मागे घे, परत बघू," असं ओरडत तो रिमोटसाठी झटापट करायचा. डॉक्टर बसल्या जागेवरून निदान करायची. "कान बघा कसे लाल झालेत. याला पाणी पाजा कुणीतरी, नाहीतर आडवा होतोय." मी शिवणकाम करते. मी तोंडावर हात घेऊन बोटांच्या फटीतून बघायची आणि त्या बिचाऱ्याची बाही कुठे उसवलीय तेवढं सांगायची.

आणि चौथा कासव.

कासवाचं चष्म्याचं दुकान आहे. चांगला उंचापुरा, दांडगा गडी. पण दुसऱ्याची फजिती त्याला सोसतच नाही. पडद्यावर कुणी अडखळलं की याची मान टी-शर्टात शिरायला लागलीच. आधी हनुवटी, मग नाक, मग चष्मा, आणि शेवटी नुसता डोक्याचा शेंडा बाहेर. आतून बारीक आवाज यायचा, "संपलं का?" फारच झालं तर तो उठून स्वयंपाकघरात जायचा आणि नळ सोडून धुतलेलेच कप पुन्हा धुवायचा. एकदा स्वयंपाकाच्या कार्यक्रमात एका नावाजलेल्या आचाऱ्याला बरणीचं झाकण उघडेना. तो झाकणाशी झुंजतोय आणि निवेदिका आपली "वा, फारच छान" म्हणतेय. त्या दिवशी कासवाने मावशींचे कप तर धुतलेच, वर खिडकीची काचही पुसून दिली.

मावशी मात्र नेहमी पडद्यावरच्या माणसाच्या बाजूने. "हसा, खुशाल हसा. तुम्ही बसा एकदा त्या खुर्चीत, मग कळेल."

आणि डॉक्टरला खरोखरच त्या खुर्चीचं बोलावणं आलं.

आमच्याकडे एक छोटी वाहिनी आहे. तिच्यावर शनिवारी दुपारी पाळीव प्राण्यांचा कार्यक्रम लागतो, थेट प्रक्षेपण. प्रेक्षक फोन करतात, तज्ज्ञ उत्तरं देतात. नेहमीचे तज्ज्ञ परगावी गेले होते, म्हणून डॉक्टरला विचारलं. तिने लगेच हो म्हटलं. शब्दांचा तिला कधी तोटा नव्हता. मांजराच्या मालकिणीला झापताना तिचा आवाज रस्त्यापलीकडे जातो.

"मला जॅकेट शिवून दे," ती मला म्हणाली. "हिरवं. एकदम झगझगीत. मी उठून दिसले पाहिजे."

मी जीव ओतून शिवलं. खांदे असे बसले होते की तिने आरशात बघून स्वतःलाच सलाम ठोकला.

शनिवारी ती स्टुडिओत गेली आणि आम्ही तिघं मावशींबरोबर टीव्हीपुढे बसलो. मामाने फुगे आणले होते. फुगे कशाला, ते त्यालाही सांगता येईना. कासव सोफ्याच्या अगदी कडेला, टी-शर्टाची कॉलर आधीच हनुवटीशी धरून बसला होता.

"अरे, अजून काही झालं नाही," मी म्हटलं.

"होईल," तो म्हणाला.

संगीत वाजलं. निवेदिका दिसली. तिच्यामागे सुंदर बाग, झाडं, कारंजं. ती चित्रातली बाग होती, यंत्राने मागे लावलेली. "आज आपल्याबरोबर आहेत..." असं म्हणून तिने हात केला, कॅमेरा वळला, आणि आमच्या डॉक्टरचं नुसतं डोकं दिसलं.

डोकं आणि दोन हात. मधे काहीच नाही. मागे खरं तर हिरवा पडदा होता, जिथे हिरवं दिसेल तिथे ते यंत्र बाग चिकटवत होतं, आणि डॉक्टरचं जॅकेट हिरवंगार. गळ्यापासून कमरेपर्यंत तिच्या अंगात बाग फुलली होती. पोटाच्या जागी कारंजं उडत होतं. एक फुलपाखरू तिच्या डाव्या खांद्यातून शिरलं आणि उजव्यातून बाहेर पडलं.

"अगं बाई!" मावशी ओरडल्या. "पोरीचं धड कुठे गेलं?"

मामाच्या तोंडून हसू फुटलं. सवयीने मांडीवर थाप पडली, पण दुसरी थाप हवेतच राहिली. मला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. एकेक शिवण मी घातली होती त्या जॅकेटची.

डॉक्टरने समोरच्या पडद्यावर स्वतःला बघितलं असावं. तिने हळूच स्वतःचं पोट चाचपलं. आम्हाला दिसलं ते एवढंच, की एक हात कारंज्यात काहीतरी शोधतोय.

"आपण घेऊया एक छोटीशी विश्रांती," निवेदिका घाईघाईने म्हणाली.

जाहिराती संपल्या तेव्हा डॉक्टरच्या अंगावर कुणाचा तरी काळा कोट होता. बहुतेक कॅमेरावाल्याचा. एवढा ढगळ, की बाह्यांतून बोटांची टोकंही दिसेनात. पण आता निदान ती सबंध होती.

"सांगा डॉक्टर, उन्हाळ्यात कुत्र्यांची काळजी कशी घ्यावी?"

डॉक्टर गप्प.

"म्हणजे... पाणी वगैरे?"

"पाणी," डॉक्टर म्हणाली. मग बराच वेळ काहीच नाही. मग, "धन्यवाद."

जिला गप्प बसवायला शाळेत तीन मास्तर लागायचे, ती आमची डॉक्टर. तोंड उघडत होती, मिटत होती, आवाज म्हणून नाही. निवेदिका पुन्हा पुन्हा सांगत होती, फोन सुरू आहेत, फोन करा. खाली नंबर फिरत होता. पण फोन काही वाजेना. लोक बहुधा अजून फुलपाखराच्या धक्क्यात होते.

"कान लाल झालेत हो तिचे," मामा अगदी हळू आवाजात म्हणाला. त्याने रिमोट मागितला नाही. मावशींनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता.

सोफ्याच्या कडेला शर्टाचं गाठोडं झालं होतं. आतून आवाज आला, "संपलं का?"

"नाही रे."

"कुणी बोलतंय का तिच्याशी?"

"नाही."

गाठोडं उठलं आणि धडपडत स्वयंपाकघरात गेलं. नळाचा आवाज आला. मला पहिल्यांदाच त्याचा राग आला. आज तरी बसायचं होतं ना बाबा आमच्याजवळ.

इतक्यात टीव्हीतला फोन वाजला. निवेदिकेचा चेहरा असा उजळला की जणू तिची लॉटरीच लागली. "हॅलो! बोला, कोण बोलतंय?"

"हॅलो," स्वयंपाकघरातून आवाज आला. आणि एका श्वासाच्या अंतराने तोच आवाज टीव्हीतून आला, "हॅलो."

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

"तुमच्या टीव्हीचा आवाज जरा कमी करा," निवेदिका म्हणाली.

"अरे, आवाज कमी करा!" स्वयंपाकघरातून हाक आली. "माझंच मला ऐकू येतंय!" आणि ती हाक जशीच्या तशी टीव्हीतून सगळ्या गावाने ऐकली. मामाने रिमोटसाठी सूर मारला. त्या नादात दोन फुगे फुटले, ते फुटल्याचंही प्रक्षेपण झालं.

"तिकडे सगळं ठीक आहे ना?" निवेदिकेने विचारलं.

"हो, फुगे आहेत. माझं नाव... नाव नको. माझ्याकडे एक कासव आहे."

पडद्यावर डॉक्टरची मान वर झाली.

"काय होतंय त्याला?" तिने विचारलं. कार्यक्रमातलं तिचं हे पहिलं धड वाक्य.

"लाजतं. कुणाची फजिती झाली की मान आत घेतं."

"कुणाची म्हणजे?" निवेदिका गोंधळली.

"कुणाचीही. टीव्हीवरच्या लोकांचीसुद्धा."

"कासव टीव्ही बघतं?"

"शनिवारी."

मावशी तोंडाला पदर लावून पुढे मागे झुलायला लागल्या. डॉक्टरने ओठ आत ओढून घेतले होते. ती खुर्चीत पुढे सरकली, दवाखान्यात सरकते तशी, आणि त्या लांबलचक बाह्या तिने कोपरापर्यंत मागे सारल्या.

"वय काय त्याचं?"

"एक्केचाळीस."

"वजन?"

त्याला थाप मारायला सुचलं नाही. घाबरला की तो खरंच बोलतो. "ब्याऐंशी किलो."

"ब्याऐंशी?" निवेदिका किंचाळली.

"मोठ्या जातीचं असेल," डॉक्टर गंभीरपणे म्हणाली. "खातं काय?"

"बिस्किटं. चहात बुडवून."

"चहात?" हा आवाज आमच्या ओळखीचा होता. रस्त्यापलीकडे जाणारा. "कासवाला चहा पाजता? काही वाटतं का तुम्हाला? लग्न झालंय का त्याचं?"

"नाही, अजून... म्हणजे बघतायत."

झालं. डॉक्टर फुटली. तिचं हसणं म्हणजे सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तसं, मधे मधे नाकातून घुर्र आवाज. शाळेत त्या आवाजापायी तिला कितीदा वर्गाबाहेर उभं केलं होतं. तीच घुर्र आता थेट प्रक्षेपणात गेली. निवेदिकाही हसायला लागली, कॅमेरा हलायला लागला, म्हणजे कॅमेरावालाही हसत होता. डोळे पुसून डॉक्टरने सरळ आमच्याकडे बघितलं, म्हणजे कॅमेऱ्याकडे.

"आता खरी कासवं पाळणाऱ्यांनी ऐका," ती म्हणाली. "मान आत घेतली तर ओढून बाहेर काढायची नाही. आरडाओरडा करायचा नाही. जवळ बसायचं. धीर आला की ते आपण होऊन बाहेर येतं."

त्यानंतर फोनची रीघ लागली. एकाचा पोपट मोबाइलसारखा वाजायचा आणि अख्खं घर फोन शोधत फिरायचं. एका आजोबांचा कुत्रा लिफ्टला घाबरायचा, म्हणून आजोबाच रोज जिने चढायचे. डॉक्टर जी सुटली, ती शेवटी निवेदिकेने "वेळ संपली" म्हटल्यावरही बोलतच होती. नावांच्या पट्ट्या वर सरकत गेल्या तरी मागे तिचे हात हलताना दिसत होते.

कासव स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. घामाघूम. शर्ट पुढून चिंब भिजलेला, कारण बोलण्याच्या नादात नळ बंद करायचा राहिला होता. चेहरा लालभडक, पण मान बाहेर.

मग मामा म्हणाला, "ब्याऐंशी किलो, अरे? मला तर अठ्ठ्याहत्तर सांगितलं होतंस," आणि आम्ही सगळे सोफ्यावर लोळलो. मावशी उठल्या. त्यांनी त्याचे दोन्ही कान धरून त्याला खाली वाकवलं, त्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आज कप धुवायचे नाहीत. आज तू बसायचं, मी चहा देते."

दिवेलागणीला डॉक्टर आली. चेहऱ्यावर स्टुडिओतला जाड रंग तसाच, अंगावर कॅमेरावाल्याचा कोटही तसाच. परत द्यायचा विसरली होती. हिरवं जॅकेट काखेत.

"कुठे आहे ते मोठ्या जातीचं?" ती दारातूनच ओरडली.

कासव उभा राहिला. तिने जवळ जाऊन त्याच्या दंडावर एक गुद्दा मारला.

"तुला तर बघवत नाही ना रे," ती म्हणाली. "मग फोन कसा केलास?"

"बघवत नव्हतंच," तो म्हणाला. "नेहमीसारखा उठलो. नळ सोडला. मग वाटलं, मी उठून इकडे आलो, पण हिला कुठे उठता येतंय? ही तिथेच अडकलीय." त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. ओल्या शर्टाला, त्यामुळे तो आणखीच धुरकटला. "आणि कासवाशिवाय दुसरं जनावर सुचेना."

डॉक्टरने चष्मा त्याच्या हातातून घेतला आणि कोटाच्या कोरड्या बाहीला पुसून परत दिला. ती माझ्याकडे वळली. "आणि तू रडवेली का झालीस? जॅकेट झकास आहे. ते लोक म्हणतायत, पुढच्या महिन्यात पुन्हा या. जाणार आहे मी. आता तांबडं शीव."

"आणि त्यांनी बाग तांबड्यावर चिकटवली तर?"

"त्यांना बाग बदलायला सांग!"

तेवढ्यात दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावरच्या बाई टोपली घेऊन उभ्या होत्या. टोपलीतून मांजराचं गुरगुरणं येत होतं. इतकी वर्षं दवाखान्याच्या शेजारी राहून त्या कधी आत आल्या नव्हत्या. जनावरांचे डॉक्टर फार कडक असतात, असं त्या मावशींना सांगायच्या.

"टीव्हीवर बघितलं तुम्हाला," त्या संकोचून म्हणाल्या. "किती मोकळं हसता हो तुम्ही. म्हटलं, दाखवावं. हिचा पंजा सुजलाय, पण कुणाला हात लावू देत नाही."

डॉक्टरने कोटाच्या बाह्या वर केल्या. मावशींनी टेबलावरचे कप उचलले, मी त्यावर जुनी चादर अंथरली, मामाने दिवा खाली धरला. मांजर टोपलीच्या तळाशी गोळा होऊन बसलं होतं.

"थांबा, ओढू नका तिला," कासव म्हणाला आणि खुर्ची ओढून टोपलीजवळ बसला.

थोड्या वेळाने टोपलीच्या काठावर दोन मिशा दिसल्या.